मॉनिटर ठेवू की परत करू? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

सेल संपला की आमच्याकडे मॉनिटरचे प्रश्न यायला लागतात, यावेळी जरा जास्तच आलेत, त्यातले चार घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

प्रश्न: मी लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिट करते. सेलमध्ये २७ इंची १४४०पी आयपीएस मॉनिटर ऑनलाइन घेतला. दिवसा मस्त दिसतो, पण रात्री लाइट बंद केला की उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड दिसतो, आणि मधोमध एक बारीक लाल ठिपका आहे तो कायम पेटलेलाच असतो. भाऊ म्हणतो आयपीएस म्हटलं की एवढं असणारच, उगाच वाद घालू नको. रिप्लेसमेंटची मुदत सात दिवस, त्यातले चार गेले. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी आजच रिप्लेसमेंटची रिक्वेस्ट टाका, मग पुढचं वाचा. मन बदललं तर रिक्वेस्ट बहुतेक ठिकाणी रद्द करता येते, पण मुदत उलटली की विक्रेता तुम्हाला सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवतो आणि तिथे हिशोब वेगळा असतो, तो कसा ते खाली सांगतो.

तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. एक कदाचित पॅनलचा, म्हणजे आतल्या एलसीडी पडद्याचा, स्वभाव आहे (आयपीएस हा त्याचाच एक प्रकार), दुसरी नक्की त्या पीसचा दोष आहे, आणि परत करायचं की नाही हे ठरवताना मी आधी हेच बघतो. पीसचा दोष असेल तर दुसरा पीस मागायचा. पॅनलचा स्वभावच आवडला नसेल तर त्याच मॉडेलचे तीन पीस बदलून घेतले तरी तेच दिसणार, तिथे रिफंड मागायचा आणि दुसऱ्या प्रकारचा मॉनिटर घ्यायचा.

कोपऱ्यातला उजेड असा तपासा. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, ब्राइटनेस नेहमी ठेवता तेवढाच ठेवा (नवीन मॉनिटर बरेचदा खूप जास्त ब्राइटनेसवर येतो, त्यावर टेस्ट केली तर कुठलाही एलसीडी वाईटच दिसेल), पूर्ण काळी इमेज लावा आणि नेहमीच्या जागेवर बसा. मग डोकं डावीउजवीकडे न्या, तीनचार फूट मागे सरका. उजेड तुमच्याबरोबर हलला, मागे गेल्यावर विरला, तर तो आयपीएस ग्लो, म्हणजे तुमचा भाऊ म्हणतो ते खरं आहे. कुठूनही बघा, आहे तिथेच आणि आहे तेवढाच राहिला तर तो बॅकलाइट ब्लीड, म्हणजे फ्रेमचा दाब पॅनलवर कमीजास्त बसलाय किंवा वाहतुकीत बॉक्सने मार खाल्लाय, आणि तो दोष त्या पीसचा. फोनने काढलेल्या फोटोवरून मात्र ठरवू नका, अंधारात फोन आपोआप एक्स्पोजर वाढवतो आणि साधा ग्लो पण आग लागल्यासारखा दिसतो.

असं का होतं तर एलसीडीत मागचा दिवा कायम चालू असतो, पुढचे क्रिस्टल तो फक्त अडवतात आणि पूर्ण कधीच अडवत नाहीत. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, १०००:१ च्या आसपास असतो, व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचा ३०००:१ च्या आसपास, म्हणून अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा हा खरं तर गडद राखाडीच असतो.

आता तुमच्या कामाचं बोलू, कारण मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लोक अंधारात काळी स्क्रीन बघत बसतात आणि राखाडी स्क्रीन कुणी बघतच नाही. ५० टक्के ग्रे रंगाची पूर्ण स्क्रीन लावा आणि शांतपणे बघा, एक बाजू किंचित गुलाबी आणि दुसरी हिरवट दिसते का, मध्ये मळकट पट्टे दिसतात का. अल्बमच्या कामात चेहरे असतात, त्वचेचा रंग तुम्ही स्क्रीनवर बघून ठरवता, आणि डाव्या पानावरची नवरी उजव्या पानावरच्यापेक्षा वेगळी दिसायला लागली तर तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसाल आणि प्रिंट बिघडेल. कॅलिब्रेटरनेही (स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणारं यंत्र) हे जात नाही, तो साधारणपणे स्क्रीनच्या मध्यावर मोजतो आणि तीच दुरुस्ती सगळीकडे लावतो. ग्रे मध्ये रंग दिसला तर ग्लो असो नसो, मॉनिटर परत.

लाल ठिपका म्हणजे अडकलेला सबपिक्सेल. तुमच्या स्क्रीनवर २५६० गुणिले १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख पिक्सेल आहेत, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन सबपिक्सेल. यातले किती खराब चालतील याचं २००१ चं आयएसओ १३४०६-२ हे मानक होतं, त्यातल्या क्लास २ प्रमाणे दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम पांढरे, २ कायम काळे आणि ५ सबपिक्सेलचे दोष चालून जायचे. २००८ मध्ये त्याच्या जागी ९२४१-३०७ आलं पण बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीतली भाषा अजून त्याच वळणाची आहे. म्हणजे त्या जुन्या हिशोबाने तुमच्या स्क्रीनवर असे १८ ठिपके असले तरी सर्व्हिस सेंटर म्हणू शकतं की मॉनिटर ठीक आहे. काही मालिकांना अपवाद आहे, उदाहरणार्थ डेलच्या अल्ट्राशार्पला एक जरी पेटलेला पिक्सेल असला तरी वॉरंटीत पॅनल बदलून मिळतो, पण ते त्या मालिकेपुरतं. म्हणून एका ठिपक्यासाठी भांडायची तुमची खरी जागा विक्रेत्याच्या या सात दिवसांतच आहे.

तोवर रंग झपाझप बदलणारं सॉफ्टवेअर त्या ठिपक्यावर काही तास चालवून बघा, कधीकधी अडकलेला सबपिक्सेल सुटतो. अंगठ्याने किंवा पेनने दाबू मात्र नका, एकाचे चार होतील आणि वर दाबाची खूण दिसली तर रिप्लेसमेंटही जाईल.

माझं मत सरळ आहे, परत करा. ठिपका कोपऱ्यात असता आणि काम एक्सेलचं असतं तर राहू द्या म्हटलं असतं, कारण बदलून येणारा पीस याच्यापेक्षा वाईट निघू शकतो आणि ती शक्यता खरी आहे. पण प्रत्येक काळ्या शेरवानीवर तुम्हाला लाल ठिपका दिसणार आहे आणि वर्षानुवर्षं दिसणार आहे. यात उगाच वाद घालण्यासारखं काही नाही, तुम्ही पूर्ण पैसे दिलेत. बॉक्स, थर्मोकोल, केबल सगळं जपून ठेवा, सिरियल नंबरचा फोटो आणि ठिपक्याचा जवळून व्हिडिओ काढून ठेवा, आणि नवीन पीस आला की बॉक्स उघडताना व्हिडिओ घ्या, जुना परत द्यायच्या आधी दोन्ही शेजारी लावून बघता आले तर फारच उत्तम.

प्रश्न: ३२ इंची कर्व्ह्ड मॉनिटर घेतला. डार्क मोडमध्ये स्क्रोल केलं की अक्षरांमागे काळपट शेपूट दिसतं. एकदा बदलून घेतला, दुसऱ्यालाही तेच. तिसरा मागू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नका मागू. ३२ इंची कर्व्ह्ड म्हणजे बहुतेक व्हीए पॅनल, आणि त्यात काळ्यावरून राखाडीवर जायला क्रिस्टलना वेळ लागतो, त्याचंच ते शेपूट. मेनूमध्ये ओव्हरड्राइव्ह किंवा रिस्पॉन्स टाइम नावाची सेटिंग असते ती मधल्या पायरीवर ठेवून बघा, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली तर शेपटाऐवजी उजळ कडा दिसायला लागतात. तेवढ्याने भागलं तर ठेवा, कारण सिनेमासाठी तुमचा काळा रंग आयपीएसवाल्यांपेक्षा खूप चांगला आहे. नाही भागलं तर रिफंड.

प्रश्न: लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मॉनिटर घेतला, तिसऱ्या आठवड्यात वरून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ आली. दुकानदार म्हणतो बिलावर लिहिलंय, विकलेला माल परत नाही, कंपनीकडे जा. त्याचं बरोबर आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी केबल काढून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूवरही रेघ दिसली तर दोष मॉनिटरचाच, तुमच्या कॉम्प्युटरचा किंवा केबलचा नाही, आणि याचा व्हिडिओ काढून ठेवा कारण दुकानदार पहिल्यांदा तेच म्हणणार. मग कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष मालाची जबाबदारी तसा शिक्का मारून टळत नाही. तुमचा तिसरा आठवडा चालू आहे म्हणजे दिवस हातात आहेत. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लेखी कळवा, तोंडी नको, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आणि कंपनीकडेही कॉल लॉग करून ठेवा, दोन्ही बाजूंनी चालू राहू दे. (ऑनलाइन घेतलेल्यांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यातही सदोष किंवा जाहिरातीत सांगितलं तसा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.)

प्रश्न: मी श्टुटगार्टला शिकतो. ऑनलाइन घेतलेल्या नवीन मॉनिटरवर लॅपटॉप एचडीएमआयने जोडला की सगळं धुतल्यासारखं फिकं दिसतं, काळा रंग राखाडी. इथे १४ दिवसांत परत करता येतं म्हणतात, करू का?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर: थांब, हा बहुतेक मॉनिटरचा दोष नाहीये. एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधीकधी समोर टीव्ही आहे असं समजून लिमिटेड रेंज पाठवतं, म्हणजे काळा ० ऐवजी १६ पासून आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ पर्यंतच. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज फुल कर, मॉनिटरच्या मेनूत ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज असेल ती त्याला जुळव, किंवा डिस्प्लेपोर्टने जोडून बघ. एवढ्यावर ठीक झालं तर ठेव. नाही झालं तर हो, युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदी माल हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, पण दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क नाही. नुसता बॉक्स पोस्टाने परत पाठवून चालत नाही, खरेदी रद्द करतोय असं त्या १४ दिवसांत स्पष्ट कळवावं लागतं, मेल केला तरी चालतो. कळवल्यावर माल पाठवायला आणखी १४ दिवस मिळतात. परतीचं भाडं कुणी द्यायचं ते विक्रेत्याच्या अटींत आधीच बघून घे, २७ इंची बॉक्सचं पार्सल स्वस्त नसतं.