कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणुकीचा अभ्यास सुरू करताय? आधी एवढंच

छान, जरूर सुरू करा. पण ही सारी शिकवणूक एकत्र मांडणारा चर्चचा २००४चा जाडजूड संकलन-ग्रंथ आत्ता मिटून ठेवा. नवखे बहुधा तिथेच दमतात. त्याऐवजी पोप लिओ तेरावे यांचं १८९१चं ‘रेरुम नोव्हारुम’ घ्या. कारखान्यांतल्या कामगारांची दैना पाहून लिहिलेलं हे परिपत्रक आहे. त्यातला मजुरीचा भाग दोनदा वाचा: मालक-कामगार दोघांनी राजीखुशीने ठरवली एवढ्यानं मजुरी न्याय्य ठरत नाही, कामगाराचं पोट तीत भरलं पाहिजे. संघटना करण्याचा हक्कही तिथेच मान्य केलाय.

सध्या चार तत्त्वं पुरेत:

- मानवी प्रतिष्ठा. बाकी सारं हिच्यावर उभं आहे.
- सार्वहित.
- एकजूट.
- सहायकता. इथे सगळे घसरतात. कुटुंबाला किंवा गावाला जमतं ते सरकारनं काढून घेऊ नये, हे पटकन कळतं; पण त्यांना झेपत नसेल तेव्हा मदतीला यायलाच हवं, ही दुसरी बाजू विसरली जाते. पोप पायस अकरावे यांचं १९३१चं परिपत्रक ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ त्यासाठी नंतर पाहा.

आपल्या आवडत्या पक्षाचा जाहीरनामा यात शोधू नका. खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य आहे, पण तो निरंकुश नाही. त्यामुळे डावे-उजवे दोघेही थोडे हिरमुसतात. आणि दानधर्म केला की न्यायाचं देणं फिटलं, असंही नाही.

वसईचे असाल तर पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं २०१५चं परिपत्रक ‘लाउदातो सी’ लवकर घ्या. पाण्यावरचा भाग वाचताना तिथलं पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठीची हरित वसईची चळवळ आठवेलच.