भूकंपानंतर आधी कॉलम बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धक्क्यांनंतर हॉलच्या भिंतीत तिरप्या भेगा पडल्या आहेत. घर सोडावे का?

उत्तर : भेग विटांत आहे की भार पेलणाऱ्या काँक्रीटमध्ये, हे आधी पाहा. वीटकाम ठिसूळ असल्याने ते लवकर तडकते. बीमखाली आडवी आणि कॉलमलगत उभी भेग तर बहुधा पडतेच. मात्र गिलावा भिंत आणि कॉलम या दोन्हींवरून सलग फिरवलेला असतो, म्हणून भेगेवरचा वीतभर गिलावा काढूनच खात्री करावी. भिंत चारही कडांनी सुटली असेल तर तिच्याजवळ झोपू नका, ती आडवी कोसळते.

काँक्रीटमधली ०.२ मिमीच्या आतली भेग किरकोळ समजावी, १ मिमीच्या पुढची गंभीर. पण रुंदीपेक्षा दिशा जास्त बोलते. कॉलमच्या टोकाशी आडवी भेग वाकण्यामुळे येते. तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या भेगा शिअरच्या (कातरबलाच्या) असतात आणि शिअरने जाणारा कॉलम सावध करत नाही. अशा भेगा दिसल्या, किंवा कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) निघून उभी सळई बाहेर वाकलेली दिसली, तर लगेच बाहेर पडा. पुढचा छोटा धक्काही पुरेसा ठरतो.

प्रश्न : आमच्या इमारतीला एकही तडा नाही. तळमजल्यावर फक्त पार्किंग आहे. तरी तपासणी हवी?

उत्तर : हवीच. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा मिळतो, पार्किंगला मिळत नाही. सगळी हालचाल त्या एकाच मजल्यात साठते. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. अर्ध्या उंचीच्या भिंतीमध्ये अडकलेले कॉलमही शोधा. त्यांची मोकळी लांबी कमी, म्हणून ते जास्त बल ओढून घेतात.

प्रश्न : रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागावर ठोकून काँक्रीटची ताकद अजमावणाऱ्या उपकरणाचे) आकडे चांगले आले. एवढे पुरे का?

उत्तर : नाही. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेने) कडक होतो आणि आकडा फुगतो. निदान तीन कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढून दाब-चाचणी करा. त्याहून महत्त्वाच्या आहेत रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया), आणि अहवालातून नेमक्या त्याच गळतात. एक-दोन कॉलमचे टोकाजवळचे कव्हर फोडून बघा : रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांत गाभ्यात (कॉलमच्या आतल्या काँक्रीटमध्ये) वळवला आहे का? ९० अंशांचा हूक कव्हर निघताच उघडतो, रिंग सुटते, सळई वाकते. टोकांजवळ रिंगांचे अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नसावे. २०० मिमी आढळले तर काँक्रीट कितीही चांगले असो, तो कॉलम दुबळाच.

प्रश्न : भेगा इपॉक्सीने (चिकट रसायनाने) भरल्या की झाले?

उत्तर : सळई सरळ आणि गाभा शाबूत असेल तरच. नाहीतर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नवे आवरण : ओतीव काँक्रीटचा थर किमान १०० मिमी, नव्या सळया स्लॅबला भोके पाडून सलग वर आणि खाली पायात रोवलेल्या. स्लॅबशी थांबवलेले जॅकेट बीम-कॉलमच्या सांध्याला काहीच बळ देत नाही. काम सुरू करण्यापूर्वी टेकू लावून कॉलमवरचा भार उतरवून घ्या.