हजेरी मोज

प्रिय मुली,

रविवारी तू वरणभात अर्धा टाकून उठलीस, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच द्यायचं. समोरासमोर बोलले असते तर चिडले असते.

'मावशी, सगळंच चुकलं, प्रबंधाचा विषय बदलते,' म्हणालीस. अमेरिकी राजकारणातल्या धार्मिक पुराणमतवादाचा ओसरता प्रभाव मांडायला दोन वर्षं आकडे जमवलेस, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रम्प निवडून आल्याने ते सगळे पुसले गेले असं तुला वाटतंय. विषय बदलू नकोस. तुझे आकडे बरोबर आहेत. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत 1999 साली 70 टक्के अमेरिकन कुठल्या तरी प्रार्थनास्थळाचे सभासद होते, 2020 मध्ये 47 टक्के. सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे इथला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ, 2006 मध्ये 1 कोटी 63 लाख होते, आता 1 कोटी 30 लाखांच्या आत आलेत. पण तू माणसं मोजलीस. बैठकीला, मतदानाला कोण येतं ती हजेरी मोजली नाहीस.

ही चूक मी तुझ्या वीस वर्षं आधीच केली आहे, म्हणून इतकं लागतंय. 2004 मध्ये मला ओहायोतल्या कोलंबसमध्ये येऊन अठरा वर्षं झाली होती. समोरच्या घरातल्या बाई दर बुधवारी संध्याकाळी चर्चला जायच्या. माझ्या ऑपरेशननंतर तीन आठवडे त्यांच्या मंडळींकडून डबा आला, आठवणीने मांस न घालता. शाळेच्या बोर्डाची बैठक असली की त्याच बाई पहिल्या रांगेत. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना गाडीतून केंद्रावर नेणाऱ्याही त्याच. मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्या काकांना सांगायची, ही पिढी गेली की हे सगळं आपोआप जाईल. त्या नोव्हेंबरात अकरा राज्यांत समलिंगी विवाहबंदीची घटनादुरुस्ती मतदानाला होती. अकराही ठिकाणी ती मंजूर झाली, आपल्या ओहायोत 62 टक्क्यांनी. त्याच दिवशी बुशनी ओहायो जिंकलं, सुमारे 1 लाख 18 हजार मतांनी.

मला मत नव्हतं, कारण मी भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. आई सोलापुरात एकटी होती आणि तिच्या दारात परदेशी म्हणून उभं राहणं माझ्या जिवावर येत होतं. त्याची मला आजही लाज वाटत नाही, कुणी काहीही म्हणो. पण मत नाही म्हणून बैठकीला जायला मला कुणी अडवलं होतं का? तिथे माझी खुर्ची अठरा वर्षं रिकामी राहिली. लाज त्याची आहे. तेव्हा 'मला इथे कुठे मत आहे' हे तू मला ऐकवू नकोस.

हजेरी मोज. 1925 मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवण्यावरून खटला चालला, शहरी वर्तमानपत्रांनी उत्क्रांतीला विरोध करणाऱ्या या धार्मिक लोकांची टर उडवली आणि त्यांचा काळ संपला असं धरून चालले. ते मात्र आपली कॉलेजं, आपली रेडिओ केंद्रं, आपली चर्चं उभारत राहिले. चोपन्न वर्षांनी, 1979 मध्ये, जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली तेव्हा माणसं आधीपासून जमलेलीच होती. पुढच्याच वर्षी रेगन निवडून आले.

आता दुसरी बाजू बघ, तुझ्या प्रबंधाचा जीव इथेच आहे. ऑगस्ट 2022 मध्ये कॅन्ससने गर्भपाताचा हक्क घटनेतून काढायचा प्रस्ताव 59 टक्क्यांनी फेटाळला, ट्रम्पना सहज जिंकवणाऱ्या कॅन्ससने! ऑगस्टात कोण येतंय, असा हिशेब होता, लोक आले. पुढच्या वर्षी आपल्याकडेही तेच. घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी 60 टक्के लागावेत असा प्रस्ताव भर ऑगस्टात आणला, आणि 57 टक्क्यांनी पडला. मी त्या उन्हाळ्यात दारोदार फिरले, गुडघ्याला पट्टा बांधून. नोव्हेंबरात गर्भपाताचा हक्क जवळपास 57 टक्क्यांनी ओहायोच्या घटनेत गेला. फ्लोरिडात 2024 मध्ये त्याच प्रश्नाला तेवढेच 57 टक्के मिळाले आणि प्रस्ताव पडला, कारण तिथे 60 लागतात. ती 60 ची अट त्यांनी 2006 मध्येच मतदानाने घालून घेतली होती. त्या कंटाळवाण्या दिवशी केंद्रावर कोण होतं, हे तुझ्या कुठल्या तक्त्यात आहे?

प्रभाव ओसरलाय, यात शंका नाही. 2024 च्या जाहीरनाम्यातून रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी गर्भपातबंदीची मागणी आणि विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री ही जुनी व्याख्या, दोन्ही काढली. पण गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट, मतदारांतले दहापैकी आठ जण तरीही ट्रम्पमागे उभे राहिले. लोकसंख्येत घटलेले हे लोक मतदानाच्या रांगेत घटत नाहीत. कुठल्याच धर्माचे नाही म्हणणारे आता 29 टक्के आहेत, पण रांगेत ते तेवढे दिसत नाहीत.

आणि ती 'पूर्वीच्या चांगल्या अमेरिके'ची ओढ. 1950 च्या दशकातली, डॉलरच्या नोटेवर 'देवावर आमचा भरवसा' छापलं गेलं ती अमेरिका. त्या अमेरिकेत भारतातून वर्षाला 100 जणांचा कोटा होता. 1965 मध्ये हे देशवार कोटे काढणारा कायदा झाला नसता तर आपण दोघी इथे वरणभात खाल्ला नसता. आपल्या मंडळातले लोक त्या आठवणींवर माना डोलावतात तेव्हा माझं डोकं तापतं. हे प्रबंधात घालू नकोस, तो माझा राग आहे.

तू एक कर. जवळची तीन गावं निवड. शाळेच्या बोर्डाच्या प्रत्येक बैठकीला मागे बसून कोण आलं, कोण उठून बोललं, शेवटपर्यंत कोण थांबलं ते वहीत लिही. सहा महिने. तुझे प्राध्यापक याला संशोधन म्हणतील की नाही कोण जाणे, तू लिही.

आमच्या बोर्डाची बैठक सोमवारी सात वाजता आहे. साडेसहाला तुझ्या दाराशी गाडी आणते. स्वेटर घे, त्या हॉलमध्ये थंडी असते. समोरच्या बाई आता ब्याऐंशीच्या आहेत, वॉकर घेऊन येतात. त्यांच्या शेजारची खुर्ची मी धरते, पलीकडची तुझी.

तुझी,
मावशी