फॉर्म पाच दरवर्षी भरतो. मग वेगळ्या पर्यावरण ऑडिटने प्लेटिंगच्या कारखान्यातला कचरा खरंच कमी होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत झिंक प्लेटिंगचं (मालावर झिंकचा थर चढवायचं) छोटं युनिट आहे, फॉर्म पाच, म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरण, दरवर्षी जातो, आता एका मोठ्या ग्राहक कंपनीने पर्यावरण ऑडिटचा अहवाल मागितला आहे. यातून कचरा कमी होईल की फक्त फाइल जाड होईल?

मी पुण्याच्या आसपासच्या प्लेटिंग आणि पावडर कोटिंग शॉपमध्ये हेच काम करतो. कचरा कमी होतो, पण ऑडिट बाथच्या टाकीपाशी, म्हणजे माल झिंकच्या द्रावणात बुडवतात तिथे, सुरू केलं तर. ईटीपीपाशी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेपाशी, सुरू केलेलं ऑडिट फक्त झालेलं नुकसान मोजतं.

आधी फॉर्म पाचचं सांगतो. पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या नियम १४ खाली तो १९९२ मध्ये आला. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा हिशेब ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असतो. अनेक ठिकाणी मागच्या वर्षीची फाइल उघडून, आकडे थोडे इकडेतिकडे करून तो पाठवला जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच्या पार्ट बीमध्ये फार कामाचा प्रश्न आहे: एका नगामागे किंवा एका किलोमागे पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, मागच्या वर्षी किती आणि यंदा किती. हे प्रामाणिकपणे काढलं की निम्मं ऑडिट झालंच.

काढायचं कसं? झिंकपासून सुरुवात करा. वर्षभरात किती किलो झिंक घेतलं ते खरेदीच्या बिलांवर आहे, सुरुवातीचा आणि शेवटचा साठा स्टोअरमध्ये आहे. आता मालावर किती गेलं ते काढा. एक चौरस मीटरवर ८ मायक्रॉनचा थर म्हणजे साधारण ५७ ग्रॅम झिंक. मालाच्या एकूण क्षेत्रफळाला तेवढ्याने गुणा आणि वर्षभरात वापरलेल्या झिंकमधून (खरेदी अधिक सुरुवातीचा साठा, वजा शेवटचा साठा) वजा करा. जो फरक उरेल तो एकतर पाण्यातून स्लजमध्ये (ईटीपीत साठणाऱ्या गाळात) गेला, किंवा मालावर गरजेपेक्षा जाड बसला. ही दुसरी वाट कोणत्याच फॉर्ममध्ये दिसत नाही. ड्रॉइंगवर ८ लिहिलेलं असतं आणि रिजेक्शनच्या भीतीने १२ मायक्रॉन चढवले जातात. झिंक जातं, वीज जाते, वेळ जातो, आणि त्याला कचरा म्हणायचं कुणाला सुचत नाही. जाडी मोजायचं मीटर असेल तर एका लॉटचे नग जिगच्या (माल टांगायच्या चौकटीच्या) कडेचे आणि मधले वेगवेगळे मोजून बघा.

आता पाणी. जिग बाथमधून वर येते तेव्हा मालाला चिकटून जे द्रावण बाहेर येतं, ते ड्रॅग-आउट. तुमच्या ईटीपीत जाणाऱ्या धातूचा मोठा भाग इथूनच येतो. जिग टाकीवरच काही सेकंद निथळू दिली, खोलगट नग तिरपे टांगले, तर खर्च न करता त्यात फरक पडतो. पण एक गोष्ट नीट तपासा: हेल्परला पैसे नगावर मिळतात का? मिळत असतील तर तो निथळायला थांबणार नाही, आणि त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. दर ठरवताना ते सेकंद त्यात धरा, किंवा टाकीवर जिग टेकवायला आडवा दांडा लावा, म्हणजे त्याला हातात धरून उभं राहावं लागणार नाही.

रिन्सचं, म्हणजे माल धुवायच्या पाण्याचं, गणित तर प्रत्येक मालकाने एकदा स्वतः करावं असं मला वाटतं. समजा, चिकटून आलेलं एक लिटर द्रावण हजारपट पातळ व्हायला हवं. एकच रिन्स टाकी असेल तर त्यासाठी सुमारे १,००० लिटर पाणी लागतं. तेच दोन टाक्या लावून पाणी उलट दिशेने फिरवलं, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून ओसंडून पहिलीत, तर सुमारे ३२ लिटर पुरतं. तीन टाक्यांना १० लिटर. प्रत्यक्षात टाकीत पाणी नीट ढवळलं जात नाही, म्हणून थोडं जास्त धरा. तरीही फरक केवढा आहे बघा. अनेक शॉपमध्ये टाक्या दोन असतात, पण दोन्हींना वेगवेगळे नळ आणि दोन्ही दिवसभर चालू. पाइपची जोडणी बदलणं एवढंच काम असतं.

स्लजबद्दल थोडक्यात. ८० टक्के ओलावा असलेल्या १०० किलो स्लजमध्ये घन पदार्थ २० किलोच असतो. ओलावा ६० टक्क्यांवर आणला की तोच स्लज ५० किलो भरतो. रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात विल्हेवाटीसाठी पाठवताना पैसे वजनावर जातात, म्हणून फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढायचं यंत्र) नीट चालवा. पण याला मी कचरा कमी करणं म्हणत नाही, विष तेवढंच राहतं. आणि सायनाइड बाथ अजून असेल तर त्याचं पाणी अॅसिडच्या पाण्यात कधीही, कुठल्याही कारणाने मिसळू देऊ नका. त्यातून निघणारा वायू जीव घेतो.

ऑडिटर कसा निवडायचा? गुजरातमध्ये १९९६ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून बाहेरच्या ऑडिटरची योजना आहे. तिथे कारखानाच ऑडिटर निवडायचा आणि पैसेही तोच द्यायचा. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरतमध्ये प्रयोग केला: काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकावी तसे नेमून दिले, फी सामाईक निधीतून ठरावीक दिली, मोजमाप पुन्हा तपासलं. त्या कारखान्यांचे अहवाल खरे यायला लागले आणि प्रदूषणही घटलं. जुन्या पद्धतीत मात्र बरेच आकडे मर्यादेच्या अगदी खाली येऊन थांबायचे. केंद्राच्या २०२५ च्या पर्यावरण ऑडिट नियमांतही ऑडिटर असाच नेमण्याचं तत्त्व आहे.

तुम्ही मात्र ऑडिटर स्वतःच नेमणार आहात. म्हणून करारात लिहून घ्या की नमुने तो न सांगता, उत्पादन पूर्ण चालू असताना घेईल, रात्रपाळीतसुद्धा, आणि वाईट आकडा आला तरी फी तेवढीच राहील. ग्राहकाला अहवाल देताना त्यात एका चौरस मीटरमागे झिंक, पाणी आणि स्लज हे तीन आकडे पहिल्या पानावर घाला, आजचे आहेत तसे, आणि शेजारी पुढच्या मार्चपर्यंत ते कुठवर आणणार ते लिहा.