आधी वजन, मग डॉक्टर?

“पंधरा किलो उतरू देत मॅडम, मग दाखवतो डॉक्टरांना.”

कुणी पंधरा म्हणतं, कुणी वीस. सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात गेलेली माणसं पायातून पाणी गळायला लागलं, पोटाच्या घडीखालची कातडी सोलवटली, तरी घरात बसून राहतात. आधी थोडं बारीक व्हायचं आणि मग दवाखान्याची पायरी चढायची! मी समुपदेशक. गेल्या आठवड्यात हेच वाक्य तिघांनी ऐकवलं, म्हणून संजयबद्दल लिहायला बसले. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि त्याला विचारून लिहिते आहे.

संजय ४१ वर्षांचा, सांगलीत खताच्या दुकानात हिशेबाला. पहिला फोन त्याच्या बायकोचा. “रात्री श्वास थांबतो यांचा. मी हलवून जागं करते. डॉक्टरांचं नाव काढलं की ताटावरून उठून जातात. तुम्हीच काहीतरी डोक्यात घाला यांच्या.”

डोक्यात घालायला कुणी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आई, सासरे, दुकानाचे मालक, लग्नात भेटलेले लांबचे मामा, सगळ्यांनी घालून झालं होतं. भात सोडून झाला, मध-लिंबू झालं, एकदा चार महिन्यांत बावीस किलो उतरवून झाले. वर्षभरात ते तीस होऊन परत आले.

पहिल्या दोन भेटींत मीही तेच केलं, हे कबूल करते. काय खाता, कधी खाता, लिहून आणा. त्यानं ताळेबंदासारखी सुबक वही आणली, आणि त्या वहीत तो स्वतः कुठेच नव्हता. दोन्ही वेळा तो भिंतीला टेकून उभा राहिला. “बसा की.” “नको, उभाच बरा. पाठ धरते बसल्यावर.”

सव्वीस वर्षं या खुर्चीत बसून माणसं वाचते असा माझा समज. तिसऱ्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी केर काढताना समोरची खुर्ची उचलली तेव्हा लक्षात आलं. हातांची, प्लास्टिकची, जेमतेम दीड फूट रुंद. पाठ धरण्याचा प्रश्नच नव्हता, तो त्यात मावणार नव्हता. बाहेरच्या खोलीतला जुना सागवानी बाक आत ओढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तो आला, बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बसला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “तीन पोती.”

“म्हणजे?”

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी तो एका दवाखान्यात गेला होता. तिथला काटा दीडशेपर्यंतच. तो चढला की नुसत्या रेघा दिसायच्या. कंपाउंडर सगळ्या पेशंटसमोर म्हणाला, “इथं नाही होणार. पोत्यांच्या काट्यावर जाऊन या.” आणि हा खरंच गेला. मार्केट यार्डात मित्राची हळदीची अडत आहे, तिथं दुपारी सौदे संपल्यावर. “चप्पल काढून चढलो. एकशे बासष्ट. मित्र हसत म्हणाला, तीन पोती भरली, हमाली लावू का? मी पण हसलो. घरी जाताना बघितलं तर तळपाय पिवळे. वाटेत एका नळावर बसून घासले. ही विचारेल म्हणून.”

“निघाले?”

“नखांतलं नाही निघालं.”

पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलेला माणूस पुन्हा डॉक्टरकडे जाईल का? मीच गेले नसते. आपण म्हणत बसतो की यांना आजाराचं गांभीर्य नाही. गांभीर्य सगळ्यात जास्त त्यांनाच असतं. ते आजाराला नाही, अपमानाला टाळत असतात.

मी त्याला एक वाक्य लिहायला सांगितलं, डॉक्टरकडे का जायचं नाही, एवढंच. त्यानं लिहिलं: ‘आधी वजन कमी केलंच पाहिजे, तोपर्यंत कुणाला तोंड दाखवायची माझी लायकीच नाही.’

“यातले ‘च’ खोडा.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली. माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयीचा हट्ट जास्त छळतो, असं मानणारी. आणि मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, हे आमच्या भाषेचं भाग्यच म्हणायचं. संजयनं पहिला ‘च’ लगेच खोडला. दुसऱ्यापाशी पेन्सिल थांबली. “हा खोडला तरी वाक्य चुकीचंच राहतंय. ‘लायकी नाही’ राहतंच.”

“हिशेबनीस आहात. चूक कुठे आहे, शोधा.”

दहा-बारा मिनिटं गेली असतील. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते पूर्ण ऐकू आलं. मग म्हणाला, “वजन आणि लायकी एकाच खात्यात लिहिलंय मी. ही दोन वेगळी खाती आहेत.”

हे मी सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती आणि घरी गेला असता. समोरच्याला उत्तर न देण्याचं कसब मला फार उशिरा साधलं, पण साधलंय.

त्यानंतर कामाचं बोलणं सुरू झालं. त्याची उंची १७० सेंटीमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो, त्याचा ५६. चाळीसच्या पुढे गेलं की तो तीव्र स्थूलपणा. हा आजार आहे, आळशीपणाची पदवी नाही. १९९४ मध्ये लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक सापडलं, तेव्हापासून शास्त्रज्ञ सांगताहेत की शरीर स्वतःच वजन धरून ठेवतं. अमेरिकेतल्या एका वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यांचं शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे जवळपास एक साधं जेवण, रोज. संजयनं हे ऐकून एवढंच विचारलं, “मग ते तीस किलो माझ्या जिभेनंच आणले नाहीत तर?” नुसत्या जिभेनं नाहीत.

मी त्याला पहिलं काम दिलं ते वजनाचं नव्हतं, झोपेचं होतं. झोपेत घसा मिटतो, रक्तातला प्राणवायू खाली जातो, मेंदू दचकून उठवतो, रात्रभर हेच. असा माणूस सकाळी थकलेला, दुपारी पेंगलेला आणि भूक वाढलेला. त्याला ‘सकाळी उठून चाला’ सांगणं ही थट्टा आहे. मिरजेतल्या छातीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. जाण्याआधी आम्ही फोनवर काय विचारायचं त्याची तालीम केली: दोनशेपर्यंतचा काटा आहे का? बीपीचा मोठा पट्टा आहे का? हातांशिवायची खुर्ची आहे का? पट्ट्याचं आवर्जून सांगते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको त्या गोळ्या मागे लागतात. फोन करताना त्याचा आवाज कापत होता. पलीकडची मुलगी म्हणाली, “हो, आहे ना सगळं. कधी येताय?”

रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन मिळालं. पहिले आठ दिवस काढून फेकायचा, मग सवय झाली. दुपारी हिशेबाच्या वहीवर मान पडायची थांबली.

बायकोला मी वेगळं बोलावलं होतं. ताटातल्या भाकऱ्या मोजणं बंद करा आणि रोज अंघोळीनंतर पोटाच्या घड्या मऊ सुती कापडानं कोरड्या करायला मदत करा, एवढं सांगितलं. ती रडली. “हे मला हात लावू देत नाहीत तिथे.” पुढच्या महिन्यात लावू दिला.

वजन उतरवायचं ऑपरेशन आणि इंजेक्शनं हे विषय डॉक्टरांचे, पण गैरसमज माझ्यापर्यंत येतात. ऑपरेशन म्हणजे ‘शॉर्टकट’ नव्हे. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात आणि पुढे जन्मभर जीवनसत्त्वं घ्यावी लागतात. आठवड्याला घ्यायची नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडेही आली. ती थांबवली की बरंचसं वजन परतू शकतं, म्हणून डॉक्टरांशिवाय त्यांना हात लावू नये. ‘विमा मिळत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी पॉलिसी पुन्हा वाचावी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० च्या पुढे असेल, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असे ठरावीक आजार असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं होणाऱ्या या ऑपरेशनला सरसकट नकार देता येत नाही. प्रतीक्षा कालावधी मात्र बघावा लागतो.

संजय आता १५१ वर आहे. ऑपरेशनचं नवराबायकोचं ठरत आलंय.

परवा त्याचा फोन आला. आदल्या रात्री लाइट गेली, मशीन बंद पडलं आणि बायको दचकून उठली. “म्हणे, तुम्ही घोरताय! सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं तिनं.” मग म्हणाला, “इन्व्हर्टर घ्यावा म्हणतोय. ही म्हणते, दिवाळी होऊ दे.”

“मग काय ठरलं?”

“दुकानातूनच बोलतोय मॅडम. बॅटरी केवढी घ्यावी, ते बघतोय.”