एका पोळ्यात बाप अनेक

प्रश्न : राणीमाशी एकापेक्षा जास्त नरांशी मिलन करते असं वाचलं. मग पोळ्यातल्या सगळ्या माश्या सख्ख्या बहिणी नसणारच ना? तरी इतक्या एकीने कशा राबतात?

उत्तर : अगदी बरोबर वाचलंत, आणि या प्रश्नाने कीटकशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळलंय. पेटीत पाळतात त्या युरोपियन मधमाशीची राणी तरुणपणी उडत्या उडत्या साधारण डझनभर नरांशी मिलन करते, आग्या माशीची राणी तर त्याहून कितीतरी जास्त नरांशी. मिलन झालं की नर मरतो, पण त्याचे शुक्राणू राणीच्या पोटातल्या पिशवीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि त्यावरच ती पुढे जन्मभर अंडी घालते. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर, म्हणजे नराला बापच नसतो, आजोबा मात्र असतो!

आता बापाकडे गुणसूत्रांचा एकच संच, तो सगळ्या मुलींना जसाच्या तसा मिळतो, म्हणून सख्ख्या बहिणींचं जनुकीय नातं 75 टक्के, स्वतःच्या मुलीशी असतं त्याहूनही जास्त. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1964 मध्ये नात्याचा हा हिशोब मांडला: नातं जितकं जवळचं, तितकं एकमेकींसाठी राबणं फायद्याचं. पण बाप वेगळे असले की तेच नातं 25 टक्क्यांवर येतं, आणि तुमचा प्रश्न नेमका इथलाच आहे.

तर होतं असं, की कामकरी माशीलाही अंडी घालता येतात, मिलन झालेलं नसल्याने त्यातून फक्त नर होतात. बाप बरेच असतील तर एखाद्या कामकरीला बाकीच्या कामकऱ्यांच्या मुलांपेक्षा राणीचा मुलगा, म्हणजे स्वतःचा भाऊ, जास्त जवळचा पडतो. म्हणून त्या एकमेकींची अंडी शोधून खाऊन टाकतात. एकमेकींवर असा पहारा असतो म्हणून भांडणाला वावच राहत नाही, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

शिवाय फायदेही आहेत. वेगवेगळ्या बापांच्या मुली वेगवेगळ्या तापमानाला पंखांनी वारा घालायला लागतात, त्यामुळे सगळ्या एकदम सुरू आणि एकदम बंद असं होत नाही आणि पिल्लांच्या भागातलं तापमान 35 अंशांच्या आसपास टिकून राहतं. एखादा रोग आला तर सगळ्याच त्याला सारख्या बळी पडत नाहीत. 2007 च्या एका प्रयोगात काही राण्यांना 15 नरांचं वीर्य दिलं, काहींना एकाच नराचं, तर 15 बापांच्या वसाहतींनी पोळं जास्त बांधलं आणि अन्नही जास्त साठवलं.

पण सुरुवात अशी नव्हती हं. 2008 मध्ये मुंग्या, माश्या आणि गांधीलमाश्यांच्या 267 जातींचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की यांच्या पूर्वज माद्या एकाच नराशी मिलन करायच्या. वसाहती सख्ख्या बहिणींच्या जोरावर उभ्या राहिल्या, आणि कामकऱ्यांना एकटीने संसार थाटणं अशक्य झालं त्यानंतरच बापांची संख्या वाढली.