कृष्णविवरांची वाढ समजून घेताना

सुरुवातीलाच एक कल्पना मनातून काढून टाका: कृष्णविवर म्हणजे आजूबाजूचं सगळं ओढून घेणारा व्हॅक्युम क्लीनर. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आपल्या कक्षेतच फिरत राहील. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे आणि सध्या जवळजवळ उपाशीच आहे.

मग ही वाढतात कशी? माझ्या मते खरी अडचण घास तोंडापर्यंत पोचण्याची आहे. दीर्घिकेतला (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहातला) वायू केंद्राभोवती फिरत असतो; कोनीय संवेग, म्हणजे त्याच्या फिरण्याचा जोर, गमावल्याशिवाय तो आत पडूच शकत नाही. दोन दीर्घिकांची टक्कर किंवा दीर्घिकेच्या मधला ताऱ्यांचा दांड्यासारखा लांबट पट्टा त्याला आत ढकलतो. शेवटी कृष्णविवराभोवती या वायूची तबकडी बनते, ती प्रचंड तापते आणि पडणाऱ्या वस्तुमानाचा साधारण दहावा भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो. असं झळाळणारं दीर्घिकेचं केंद्र म्हणजेच क्वेसार. इथे जरा रेंगाळा, स्वतः आकडेमोड करा: सूर्याला ऊर्जा देणाऱ्या हायड्रोजनच्या संमीलनात (अणुकेंद्रकं एकत्र येण्यात) हाच वाटा जेमतेम ०.७ टक्के असतो!

प्रकाशाचा दाब फार वाढला की येणारा वायूच मागे रेटला जातो. ही एडिंग्टन मर्यादा. त्या मर्यादेवर सतत खात राहिलं तरी वस्तुमान दुप्पट व्हायला तीनेक कोटी वर्षं लागतात. म्हणूनच महास्फोटानंतर १ अब्ज वर्षांच्या आत दिसणारी, अब्जभर सूर्यांएवढी कृष्णविवरं मला अजूनही अस्वस्थ करतात: इतक्या कमी वेळात ती एवढी वाढली कशी?

२००० साली मांडलेला संबंधही वाचा: दीर्घिकेच्या फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वेगांत जितकी तफावत जास्त, तितकं केंद्रातलं कृष्णविवर जड. त्यामागच्या कारणांवर वाद चालू आहे, तेव्हा दोन्ही बाजू वाचा.